नकाशा तपासला, इमारत कोण तपासणार?

१९९६ साली पुण्यात लहान प्रमाणावर सुरू झालेली सॉफ्टटेक इंजिनिअर्स ही कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. तिच्या ‘ऑटोडीसीआर’ प्रणालीने बांधकाम नकाशांतील सामासिक अंतरे, उंची आणि चटई क्षेत्र यांची छाननी संगणकावर आणली. नियमाचा अर्थ टेबलागणिक बदलण्याच्या प्रथेला अशा प्रणालींनी आळा बसतो, हे प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही मान्य करावे लागेल.

तथापि संगणक नकाशा वाचतो, जागेवर जाऊन पाहत नाही. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी बेंगळुरूच्या बाबूसापाळ्यात बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून मजुरांचे बळी गेले. मंजुरीपेक्षा अधिक मजले तेथे चढवले गेले होते. उणीव सॉफ्टवेअरची नव्हती, देखरेखीची होती; आणि हे घडले देशाच्या माहिती तंत्रज्ञानाच्या राजधानीत.

परवाना किती दिवसांत दिला, याचा अभिमान राज्ये मिरवतात. जोत्याची तपासणी कोणी, केव्हा केली, हेही त्याच प्रणालीत अधिकाऱ्याच्या नावानिशी नोंदवून नागरिकांसाठी खुले करावे. उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येत नाही.