वादकांवर लावलेला पैसा

प्रयोग शहरी रसिकांसाठी आणि खेड्यापाड्यांसाठी आपलं सोपंसं काहीतरी, ही मनोरंजनाच्या बाजारातली जुनी समजूत. 'सैराट'च्या गाण्यांनी ती २०१६ साली खोटी ठरवली.

हिशेब मांडून पाहा. कथा करमाळ्याकडची, नायक-नायिका दोघंही नवखे, गाणी अवघी चार. असा प्रस्ताव बँकेत आला असता, तर आमच्यासारख्या अधिकाऱ्याने आधी 'तारण काय?' असंच विचारलं असतं. संगीतकार अजय-अतुल यांनी मात्र संगणकातल्या तयार सुरावटींवर भागवलं नाही. लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवला आणि व्हायोलिन-चेलोंचा तो भरगच्च मेळ गावाकडच्या बोलीतल्या शब्दांना जोडला. खर्चिक हौस म्हणून कोणी नाक मुरडलं असतं, तर नवल नव्हतं.

पण जगात याला दाखला आहे. १९६७ साली बीटल्सनी 'सार्जंट पेपर'मधल्या शेवटच्या गाण्यासाठी वाद्यवृंदातले चाळीस वादक बोलावले होते. रॉक संगीतातला तो धाडसी प्रयोग, आणि तबकडी जगभर खपली.

'सैराट'नेही मराठीत तोवर कोणी न पाहिलेला गल्ला जमवला. त्याच चाली २०१७ मध्ये कन्नडमध्ये गेल्या, २०१८ मध्ये 'झिंगाट' हिंदीत वाजलं. आमचं भोकर तेलंगणाच्या सीमेजवळचं. इथे एकाच वरातीत मराठी, हिंदी, तेलुगू गाणी चालतात. 'झिंगाट'वर नाचणाऱ्या पोरांनीच 'याड लागलं'मधली व्हायोलिनंही मोबाइलला कान लावून ऐकली. 'लोकांना कळत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एक खंत मात्र उरते. हाडामांसाच्या वादकांनी उभं केलेलं हे संगीत आपल्या दारी आलं ते डीजेच्या भिंतीतून. त्या दणदणाटात हलगी, सनई आणि गावचा बँड मागे पडला. डीजेला आपण मुकाट्याने इसार मोजतो. हलगीवाल्याच्या बिदागीत मात्र घासाघीस करतो.

अजय-अतुल यांनी वादकांवर पैसा लावला, तो वाजतगाजत परत आला. येत्या लगीनसराईत पहिली सुपारी आपल्याच गावच्या वादकांना द्यायला काय हरकत आहे?