ब्रेक असतो कुठे?

महिनाभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना माझ्या गाडीची चीं-चीं ऐकवून झाल्यावर शेवटी शनिवारी ब्रेक-पॅड बदलायला गेलो. मेकॅनिकने चाक काढलं, कॅलिपर सोडवला, आणि माझा कटिंग संपेपर्यंत एक बाजू तयार! मी सहज विचारलं, 'भाऊ, ब्रेक चाकातच का असतो हो?'

'मग काय डिकीत ठेवायचा, साहेब?'

डिकीत नाही, पण चाकापासून लांब ठेवणारे लोक खरंच होऊन गेलेत. कसं आहे, डिस्क आणि कॅलिपरचं लोढणं चाकाबरोबर प्रत्येक खड्ड्यात खाली-वर होतं. हे वजन जितकं जास्त, तितकं चाकाला रस्ता धरून राहणं अवघड. गमबूट घालून पळून बघा, कळेल. मग ब्रेक आत, गिअरबॉक्सशेजारी नेला तर? १९५५च्या सित्रोएन डीएसने पुढचे ब्रेक असेच आत घेतले. १९६१च्या जॅग्वार ई-टाइपने मागचे, थेट डिफरन्शियलला खेटून. काय देखणी गाडी! पण पॅड बदलायचे तर खाली लोळण घ्या. शिवाय आत वारा कुठला? डिस्क तापली की शेजारची ऑइल सील भाजून निघतात.

आणि ब्रेक आत, चाक बाहेर म्हटल्यावर थांबवायची सगळी ताकद मधल्या दांड्यातून जाणार. रेसिंगच्या लोटस ७२ला पुढच्या चाकांसाठी असे दांडे होते, फक्त ब्रेकसाठी. ५ सप्टेंबर १९७०, मोंझाचा ट्रॅक. योखेन रिंटने वळणाआधी ब्रेक दाबला आणि उजवीकडचा दांडा तुटला. गाडी कठड्यावर आदळली. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट गेला. त्या वर्षीचा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मात्र तोच ठरला. मरणोत्तर हा मान मिळालेला तो एकटाच. लोटसने ब्रेक तरीही आतच ठेवले, आणि १९७२मध्ये त्याच मॉडेलवर फिटिपाल्डी विश्वविजेता झाला. हिंमत म्हणा की हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढ्यात भाऊने दुसरं चाक काढलं. मी वाकून पाहिलं. आमच्याही चाकामागे दांडा होता, पण तो फक्त चाक फिरवणारा. ब्रेक समोरच, हात पोचेल असा.

'पॅड नवीन आहेत,' भाऊ हात पुसत म्हणाला, 'दोनेकशे किलोमीटर जरा दमानं दाबा.'