म्हणजे शंभरातल्या किती?

बेयस थिअरम आपण सगळेच 'करतो'. तीन मशीन्स, प्रत्येकीचे बोल्ट, एक खराब निघाला तर तो कुठल्या मशीनचा? फॉर्म्युला, उत्तर, मार्क्स... विसरलं! आता बोल्टच्या जागी बाई ठेवून पाहा.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये तिथल्या १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक गणित घातलं. शंभरात एका बाईला कॅन्सर आहे. असेल तर टेस्ट ९० टक्के वेळा पकडते. नसेल तरी ९ टक्के वेळा चुकून 'पॉझिटिव्ह' येते. मग पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कॅन्सर असण्याची शक्यता किती? पर्याय समोर होते, तरी बरोबर उत्तर फक्त २१ टक्के डॉक्टरांना आलं. निम्म्याहून जास्त जणांनी ८१ किंवा ९० टक्के सांगितलं!

टक्के सोडा, बायका मोजा. हजार जणी. दहा जणींना कॅन्सर, त्यातल्या नऊ सापडतात. उरलेल्या ९९० मधल्या ८९ जणी उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे ९८ घाबरलेल्या बायकांत खरा आजार नऊ जणींना. दहात साधारण एक. असं मोजायला शिकवल्यावर त्याच डॉक्टरांपैकी ८७ टक्के बरोबर आले.

डॉक्टरांची ही गत, तर पेशंटने काय करायचं? 'तपासणीने मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात' हे वाचून माझ्या आईला वाटलं, शंभरातल्या वीस जणी वाचतात. कुणालाही तेच वाटेल. जर्मनीतल्या हार्डिंग सेंटरने पन्नाशीपुढच्या बायकांचे आकडे मांडलेत. साधारण अकरा वर्षांत तपासणी न केलेल्या हजारातल्या ५ जणी या कॅन्सरने जातात, केलेल्या हजारातल्या ४. पाचाच्या चार झाल्या, हेच ते २० टक्के! खोटं काहीच नाही. पण त्याच हजारात सुमारे शंभर जणींना खोटा इशारा मिळतो, आणि पाच जणींचं, कधी त्रासच न देणाऱ्या गाठीसाठी, स्तनाचं ऑपरेशन होतं. हे कुठल्या पत्रकात वाचलंय?

मॅमोग्राफी करू नका असं मी मुळीच म्हणत नाहीये. हजारातली ती एक कुणाची तरी आई असते. आणि हाताला गाठ लागली तर हे गणित लागूच नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. माझं भांडण फायदा टक्क्यांत फुगवून सांगण्याशी आणि तोटा गिळून टाकण्याशी आहे.

मी कॉन्व्हेंटवाली. 'शेकडा' हा शब्द मला आजीमुळे कळला. व्याज असो की आंबे, तिचा हिशोब शेकड्यात. पर्सेंट म्हटलं की ती विचारते, "म्हणजे शंभरातल्या किती गं?" डॉक्टरांच्या केबिनमध्ये हे विचारायला आपल्याला लाज का वाटावी?

असो. रिपोर्टची सॉफ्टवेअरं शेवटी आपल्यातलंच कुणीतरी लिहिणार. 'संशयास्पद' या शब्दाखाली अजून एक ओळ छापायला काय जातं, की असा रिपोर्ट आलेल्या शंभर जणींपैकी इतक्याच जणींना पुढे कॅन्सर निघतो?