पाटीसाठी भांडलो, आता हातासाठी भांडू

उद्यमबागेत मशीनमध्ये हात सापडतो. शहापूर-वडगावात मागावर बोटं जातात. ऑपरेशन होतं, डिस्चार्ज मिळतो आणि दुसऱ्या हातात एक कागद येतो. कन्नड, नाहीतर इंग्रजी. तोंडी समजावणं दोन मिनिटांचं. घरी बायको विचारते, "काय म्हणाले डॉक्टर?" उत्तर येतं, "हलवू नको म्हणाले बहुतेक."

हे "बहुतेक" माणसाचा हात घालवतं.

बोट वाकवणारं टेंडन तुटलं आणि शिवलं, की साधारणपणे पहिल्या काही दिवसांतच, स्प्लिंट न काढता, सांगितल्याप्रमाणे बोटं हलवायची असतात. हलवली नाहीत तर टेंडन चिकटतं, बोट आखडतं. जोर लावला तर शिवलेलं तुटतं. "हलवा, पण उचलू नका." एवढं एक वाक्य आपल्या भाषेत कळलं नाही, तर चांगल्या सर्जनचं कामही मातीत जातं.

हे शिकवणारा माणूस म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. ही नुसती शेकाशेकी नव्हे. शर्टाचं बटण लावता येतं का, भाकरीचा तुकडा मोडता येतो का, पाना धरता येतो का, कामावर परत जाता येईल का, हे सगळं तो बघतो. त्याचा पहिलाच प्रश्न असतो, "तुम्ही दिवसभर काय काय करता?" याचं उत्तर माणूस कुठल्या भाषेत देणार? गोळी भाषा न कळताही लागू पडते, ही थेरपी पडत नाही.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू केली. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होतं. १९५६ ला सीमा सरकली, आणि आज आमच्या जखमी कामगाराला या उपचाराचं नावही कुणी सांगत नाही.

कुणी म्हणेल, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. शिकतोच की! बाजारात, कामावर बोलतोच. पण दुखणं माणूस आईच्या भाषेत सांगतो. थेरपिस्ट कन्नड असो की मल्याळी, आमचं भांडण त्याच्याशी नाही, त्या कागदाशी आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे केंद्राने आणि राज्यांनी कधीच मान्य केलंय. मग व्यायामाचा कागद महत्त्वाचा नाही?

२०२३ मध्ये महाराष्ट्राने आरोग्य योजना ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली. बिल कोण भरणार यावर दोन सरकारं भांडली. बिल भरल्यावर हात चालेल का, हे कुणीच विचारलं नाही. खरं बोलायचं तर आपणही नाही. पाट्यांसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, त्याचा अभिमान आहेच. पण दवाखान्याच्या खिडकीपाशी आपण गप्प उभे राहतो.

आता गप्प राहायचं नाही. डिस्चार्जच्या आधीच विचारा, "इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे का? नसेल तर कुठे पाठवता?" पूर्ण नाव घ्या, नुसतं "ओटी" म्हटलं तर ऑपरेशन थिएटर दाखवतील. ईएसआय कार्ड असेल तर तिथून रेफर मागा. व्यायाम स्वतः करून दाखवा आणि "बरोबर आहे का?" विचारा. मराठी जाणणारं माणूस सोबत न्या. घरच्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घेऊ द्या, थेरपिस्टला विचारून.

आणि मराठीत कागद मिळाला नाही, तर तक्रार मराठीतच लिहा. घटनेचं कलम ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. उजवा हात चालत नसेल तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या. पण लिहा.