पस्तीस गुणांचे घर

परीक्षेत पस्तीस गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. पण म्हणून त्याला विषय आला, असे कोणी प्राध्यापक म्हणत नाहीत. घरांच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो. नकाशा मंजूर झाला, म्हणजे घर चांगले! २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीला ९.५ चौरस मीटर क्षेत्रफळ, २.७५ मीटर उंची आणि उष्ण-कोरड्या हवेत जमिनीच्या एक-दशांश खिडकी सांगितली आहे. याखाली जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. अकोला-अमरावतीत बांधणारे बहुधा तेथेच थांबतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे हे नवल राहिलेले नाही. अशा उन्हात चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली झोपलेल्यांवर सोडतो. सूर्य मावळला तरी खोलीतली दुपार संपत नाही. अभ्यास करणारा मुलगा गच्चीवर पळतो. स्वयंपाकघरातल्या आईने आणि खाटेवरच्या आजोबांनी कोठे जावे? कूलर आहे, हे उत्तर मला पटत नाही. कूलरला वीज लागते आणि पाणीही लागते. आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे अकोलेकरांना विचारावे.

सागाच्या खांबांवर उभे राहिलेले, वर पांढऱ्या मातीचा जाड थर असलेले आपले धाब्याचे घर ही परीक्षा अधिक चांगली देत असे. जाड मातीतून ऊन आत पोहोचायलाच संध्याकाळ होई. पण त्याचे उगाच गोडवेही गाऊ नयेत. ते पावसात गळे, त्याला वाळवी लागे आणि दरवर्षीचे सारवणे-लिंपणे बायकांच्याच कमरेवर पडे. त्यातली जाडी आणि सावली घ्यावी, गळती सोडून द्यावी.

उन्हाखेरीज जमिनीचाही प्रश्न आहेच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतीही तडकतात. त्यासाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर केलेल्या खोल खांबांचा पाया केव्हाच शोधून काढला आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरले की आतली सळई गंजते. तेथे छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यात साठवणे हे घराच्या आयुष्याचेच काम आहे.

केंद्र सरकारने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ काढली. आतबाहेरच्या तपमानात एक अंशाचा फरक असता छपराच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये, असे ती सांगते. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. पण राज्याने लागू केल्यावाचून ही संहिता कोणावर बंधनकारक नाही.

“पैसा कोठून आणायचा?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण चांगले घर म्हणजे महाग घर, हे गृहीत कशाला धरायचे? अमरावतीहून सेवाग्राम फार दूर नाही. तेथे १९३६ साली गांधीजींनी आपल्या निवासाला अट घातली होती, की खर्च पाचशे रुपयांच्या आत असावा आणि सामान आसपासचेच असावे. पुढे केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या, भार न पेलणाऱ्या भागात काँक्रीटऐवजी कवेलू बसवले. सिमेंट वाचले, आणि कवेलूंमधल्या हवेमुळे उष्णताही कमी झाली. पश्चिमेची भिंत बंद ठेवणे, खिडकीवर खोल छज्जा काढणे, अंगणात कडुनिंब लावणे, यांना असा कितीसा पैसा लागतो?

खरी कसोटी घरकुलांची आहे. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. एवढ्या पैशात कुटुंब कसेबसे छप्पर घालते. बहुतेक वेळा टिनाचे. त्या टिनाखाली बाळंतीणही निजते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी रस्ते झाडले जातात. यंदा त्याऐवजी दत्तक गावातल्या दहा घरकुलांचे छप्पर निवडावे. मार्चअखेर पाच छपरांवर चुन्याचे दोन हात द्यावेत, पाच तशीच ठेवावीत. भूगोल विभागाकडे तपमापक आहेत. एप्रिलभर दुपारी तीनला आणि रात्री दहाला आतले तपमान वहीत टिपावे आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी.