कोपीतली लेक आणि एक लस



दिवाळी सरली की कृष्णाकाठच्या शिवारात कोयत्याचा आवाज घुमू लागतो. कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात गाळप सुरू होते आणि बीड, धाराशिवकडील ऊसतोड कुटुंबे आपल्या बांधावर कोप्या घालून राहतात. बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या निमित्ताने मी असे फड पुष्कळ पाहिले. परंतु कोपीतल्या लेकीबाळींचा विचार कधी मनात आला नाही. यंदा तो आला, त्याला निमित्त झाली माझी नात.

ती बारा वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस सुचविली. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला असली लस कशाला?" हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो एवढेच त्यांच्या कानी आले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले : संसर्ग होण्यापूर्वी दिली तरच लस पुरती उपयोगी पडते, म्हणून ९ ते १४ हे वय. तिच्यात जिवंत विषाणू नसतो आणि तिच्यामुळे वंध्यत्व येत नाही. विमा आजार जडण्यापूर्वीच उतरवावा लागतो, हे मला तरी नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ च्या जानेवारीत आली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्राने ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला उत्तेजन देण्याचे जाहीर केले.

मग एका शेतकरी स्नेह्यांच्या फडावर मी एका मजूर बाईंना विचारले, "लेकीला लस द्याल का?" त्या म्हणाल्या, "द्यायला काय हरकत? पण दवाखान्यात गेलं की खाडा पडतो, अन् मुकादम उचलीतून पैसे कापतो. पुन्हा दुसऱ्या सुईला आम्ही कुठं असू, कुणास ठाऊक." आमच्या घरी अडसर संकोचाचा होता, त्यांच्याकडे रोजाचा, मुक्कामाचा आणि कागदाचा. दोन मात्रांमध्ये सहा महिन्यांचे अंतर. तेवढ्यात हंगाम संपून टोळी गावी परतलेली असते. शाळेत लस द्यावी, तर लेक लहान भावंडाला सांभाळत कोपीत बसलेली.

भीतीलाही इतिहास आहे. खम्मम आणि वडोदरा येथील लसीकरण प्रकल्प २०१० च्या एप्रिलमध्ये थांबविण्यात आले. काही मुलींच्या मृत्यूचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही; मात्र अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या, आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. न समजता झालेली सही म्हणजे संमती नव्हे, हे बँकेत जन्म घालविलेल्या माणसाला पटकन पटते.

त्याच स्थगितीमुळे दुसऱ्या एका अभ्यासातील, ज्यात बार्शीचे कर्करोग रुग्णालयही होते, हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले, की एका मात्रेचे संरक्षणही जवळपास तेवढेच आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वयोगटासाठी एक मात्राही मान्य केली. फिरत्या कुटुंबांसाठी याहून मोठी सोय कोणती?

लस म्हणजे सर्व काही नव्हे. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून तिशीनंतरच्या माता-भगिनींनी तपासणी टाळू नये.

आपल्यापैकी अनेकांचा ऊस याच हातांनी तुटतो. म्हणून तीन विनंत्या. घरातील मुलीसाठी डॉक्टरांना विचारा. जवळच्या आरोग्य केंद्रात लसीची चौकशी करताना कोपीतल्या मुलींबद्दलही विचारा. आणि लसीसाठी पडलेल्या एका दिवसाच्या खाड्याची भरपाई आपण स्वतः करा. लसीची नोंद असलेला कागद आईच्या हाती देऊन तिला तो समजावून सांगा.

नातीला लस दिली. हात दोन दिवस दुखला, इतकेच. फडावरच्या त्या बाईंची लेक मात्र अजून माझ्या हिशेबात बाकी आहे.