गोणी नको, गुंठे मोजा

कल्याण, मुरबाड, शहापूरकडे भाताची खाचरं लहान. तरी पंधरा गुंठ्यांना अख्खी गोणी युरिया पडतो.

हिशेब बघा. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, म्हणजे गुंठ्याला सुमारे एक किलो. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणून समीकरण: युरिया = २.१७ × गुंठे. तक्ता असा: १० गुंठ्यांना २२ किलो, १५ ला ३३, २० ला ४३. आलेखात सरळ रेघच येते. पंधरा गुंठ्यांत ४५ किलोची गोणी ओतली, तर १२ किलो जादा. पैसा जातो, भात लोळतो, कीड वाढते.

मिश्रखतातलं नत्र आधी वजा करा, युरिया हप्त्याहप्त्याने द्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा तक्ता पेरणीआधी फळ्यावर लावावा.